छेदस्थळांचा बंदोबस्त

भूमिगत वसाहत उभारण्याच्या संगणकीय खेळांत नवशिक्या खेळाडूची वसाहत मोडकळीस येते ती बहुधा अन्नाच्या तुटवड्याने किंवा प्राणवायूच्या अभावाने, असा सर्वसाधारण समज आहे, आणि वरवर पाहता तो खोटाही नाही. परंतु अन्न का संपले आणि प्राणवायू का आटला याचा माग उलट दिशेने काढीत गेले असता तो पुष्कळदा एखाद्या अगदी क्षुल्लक भासणाऱ्या जागी, म्हणजे दोन नळ किंवा दोन तारा जेथे एकमेकींना आडव्या जातात त्या एका चौकोनापाशी येऊन थांबतो. या छेदस्थळांचा बंदोबस्त कसा करावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. खेळ पुष्कळ आहेत. परंतु हा प्रश्न ज्यात सर्वांत ठळकपणे आणि सर्वांत फलदायी रीतीने पुढे येतो तो खेळ म्हणजे कॅनडातील व्हँकूवर येथील क्ले एंटरटेनमेंट या संस्थेचा ‘ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड’. मे २०१७ मध्ये तो अपूर्णावस्थेत खेळाडूंच्या हाती आला आणि ३० जुलै २०१९ रोजी पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. एका लघुग्रहाच्या पोटात तीन रहिवाशांनिशी आरंभ करून हवा, पाणी, वीज आणि उष्णता या चार गोष्टींचा हिशेब जुळवीत वसाहत वाढवीत नेणे, हे त्याचे स्वरूप. ज्यांनी तो खेळला आहे, पण ज्यांची वसाहत काही चक्रांनंतर नळांच्या आणि तारांच्या गुंत्यात अडकून पडते, अशा वाचकांना उद्देशून पुढील विवेचन आहे.

प्रथम हा प्रश्न मुळात उद्भवतो कशामुळे, ते पाहू. या खेळात द्रवाचे नळ, वायूचे नळ, विजेच्या तारा, मालवाहू रूळ आणि ऑटोमेशनच्या तारा यांची जाळी एकमेकांपासून सर्वस्वी स्वतंत्र अशा थरांत असतात. पाण्याचा नळ वायूच्या नळावरून, वायूचा नळ विजेच्या तारेवरून खुशाल जाऊ शकतो. त्यांचा परस्परांशी काही संबंध येत नाही. संबंध येतो तो सजातीयांचा. एकाच थरातील एका चौकोनात एकच नळ मावतो, आणि त्या नळाविषयी खेळाच्या दप्तरी एवढीच नोंद असते की तो डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली यांपैकी कोणकोणत्या शेजाऱ्यांशी सांधलेला आहे. चारही बाजूंनी सांधलेला चौकोन हा या नोंदीनुसार चौवाट ठरतो. ‘उभा नळ निराळा आणि आडवा नळ निराळा’ असे सांगण्याची सोयच त्या नोंदीत नाही. म्हणून दोन सजातीय मार्ग एकमेकांना न मिसळता ओलांडायचे असतील, तर मध्ये ब्रिज घालावा लागतो. हे एकदा ध्यानी आले म्हणजे पहिला नियम आपोआप हाती येतो: आराखडा काढताना सगळ्या गर्दीची धास्ती न घेता केवळ सजातीय मार्ग किती ठिकाणी एकमेकांना छेदणार आहेत एवढेच पाहावे, कारण श्रम आणि धोका दोन्ही तेवढ्याच ठिकाणी आहेत.

ब्रिज हा तीन चौकोन लांबीचा असतो. दोन टोकांना दोन मुखे आणि मधला चौकोन मोकळा, ज्यातून दुसरा मार्ग निर्वेधपणे जातो. द्रव, वायू आणि रूळ यांच्या ब्रिजांना दिशा असते: पांढऱ्या मुखाने घेणे आणि हिरव्या मुखाने देणे. विजेच्या ब्रिजाला दिशा नसते. येथे जागेचा एक हिशेब आहे, तो आरंभीच करून ठेवला नाही तर पुढे मोठी पाडापाड करावी लागते. ब्रिज फक्त एकच मार्ग ओलांडतो, आणि एका ब्रिजाचे मुख ज्या चौकोनात आहे त्याच चौकोनात दुसऱ्या सजातीय ब्रिजाचे मुख बसू शकत नाही. तेव्हा दोन समांतर नळ अगदी शेजारी शेजारी टाकले, तर पहिला ओलांडून आलेल्या ब्रिजाचे हिरवे मुख थेट दुसऱ्या नळावर पडेल आणि ओलांडण्याऐवजी मिसळण होईल. एक चौकोन अंतर सोडले, तर उतरण्यास जागा मिळेल, पण पुन्हा चढण्यास मिळणार नाही. यास्तव मुख्य समांतर मार्गांमध्ये दोन चौकोन मोकळे सोडावे, एक उतरणाऱ्या मुखासाठी आणि दुसरा चढणाऱ्या मुखासाठी. जिन्याच्या बाजूने मुख्य नळ उभे न्यावे, मजल्यांकडे जाणाऱ्या शाखा आडव्या काढाव्या, आणि छेद येईल तेथे मुख्य मार्ग सरळ ठेवून शाखेने ब्रिजावरून जावे, हा दस्तूर एकदा ठरवून टाकला की कोणत्याही मजल्यावर उभे राहून कोण कोणाला ओलांडीत आहे ते नजरेने ओळखता येते.

बांधकामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. बहुतेक खेळाडू नळ ओढीत नेतात, वाटेत दुसरा नळ आडवा आला की त्यावरूनच पुढे ओढतात, आणि मग आठवण झाली म्हणजे ब्रिज घालतात. तोपर्यंत सांधा झालेला असतो. याच्या उलट करावे: आधी ब्रिज घालावा, मग त्याच्या दोन मुखांपर्यंत दोन्ही बाजूंनी स्वतंत्रपणे नळ आणावे, आणि हे सर्व स्पेस कळीने खेळ थांबवून ठेवून करावे, म्हणजे रहिवाशांनी एकही तुकडा बसविण्यापूर्वी संपूर्ण आराखडा डोळ्यांखालून घालता येतो. एफ-६ दाबले असता द्रवाचे, एफ-७ दाबले असता वायूचे आणि एफ-२ दाबले असता विजेचे जाळे उघडे होते. मधल्या चौकोनातील नळाला ब्रिजाच्या दिशेने फुटलेला एखादा बारीक धुमारा दिसला, तर तेथे नको असलेला सांधा झाला आहे असे समजावे. तो तोडण्यासाठी स्वतंत्र साधन आहे, सबंध नळ उपटण्याची आवश्यकता नाही. हा धुमारा नजरेतून निसटला तर काय होते, तेही सांगतो. शौचकूपाकडून येणारे दूषित पाणी शुद्ध पाण्याच्या नळात शिरते. ते त्यात विरघळत नाही. नळातील प्रत्येक गोळा आपले स्वत्व राखून पुढे सरकतो आणि इलेक्ट्रोलायझरच्या मुखाशी जाऊन पोचतो. यंत्राला ते पाणी चालत नाही, यंत्राची हानी होऊ लागते, शेवटी ते बंद पडते, मागचे शुद्ध पाणी अडते, आणि काही वेळाने वरच्या मजल्यावरील रहिवासी श्वासासाठी तळमळू लागतात. खेळाडू मात्र तोवर हवेच्या यंत्रांची संख्या वाढविण्यात गुंतलेला असतो.

आता ब्रिजाच्या ज्या गुणाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, त्याकडे वळू. द्रवाचा किंवा वायूचा ब्रिज हा ओलांडण्याचे साधन तर आहेच, पण त्याहून अधिक तो अग्रहक्क ठरविणारे साधन आहे. एखादा नळ ब्रिजाच्या पांढऱ्या मुखावरून पुढे जात असेल, तर त्यातील द्रव प्रथम ब्रिजात जातो आणि ब्रिज तुंबला तरच पुढच्या नळाकडे वळतो. पाटाच्या शिरावर ज्याची जमीन त्याचे भरणे आधी, आणि त्याच्याकडून उरेल ते खालच्या शेतकऱ्याला, असाच हा जाब्ता आहे. दुसऱ्या टोकाला नियम वेगळा: हिरवे मुख जर वाहत्या नळावर येऊन पडत असेल, तर त्या नळात आधीपासून वाहणाऱ्या द्रवाचा हक्क पहिला, आणि ब्रिजाने फक्त रिकामी जागा भरावी. साध्या तिवाट्यावर मात्र प्रवाह आळीपाळीने निम्मा निम्मा वाटला जातो. हे तीन नियम ज्याला अवगत झाले त्याला झडपा, संवेदक आणि ऑटोमेशनच्या तारा यांची निम्मी मखलाशी करावीच लागत नाही.

याचा एक दाखला तपशीलवार पाहू, कारण तो जवळजवळ प्रत्येक वसाहतीत उपयोगी पडतो. पाण्याच्या शौचकूपाला प्रत्येक वापरास ५ किलो पाणी लागते आणि त्यातून ११.७ किलो दूषित पाणी बाहेर पडते. हे दूषित पाणी गाळणी यंत्रात नेले की ते सेकंदाला ५ किलो दूषित पाणी आणि १ किलो वाळू घेऊन ५ किलो पाणी परत देते. तेच पाणी पुन्हा शौचकूपाकडे वळवावे, ही कल्पना कोणालाही सुचते. परंतु त्यात प्रत्येक वापरामागे ६.७ किलो पाणी वाढते, म्हणजे दहा रहिवासी चक्रात एकेकदा गेले तरी ६७ किलोंची भर पडते, आणि बंद वर्तुळात ती मावत नाही. आधी गाळणीच्या पुढचा नळ भरतो, मग गाळणी थांबते, मग मागचा दूषित पाण्याचा नळ भरतो, आणि शेवटी शौचकूपच बंद पडतात. याची तजवीज एका ब्रिजाने होते. गाळणीतून निघालेला नळ ब्रिजाच्या पांढऱ्या मुखावरून सरळ पुढे एका साठवण टाकीकडे न्यावा, आणि ब्रिजाच्या हिरव्या मुखातून शौचकूपांकडे जाणारा नळ काढावा. शौचकूपांचा नळ भरलेला नसेल तोवर सारे पाणी तिकडे जाते. तो भरला म्हणजे पुढचा गोळा आपोआप टाकीकडे सरकतो. येथे एक दक्षता घ्यावी लागते. गाळणीचा नळ पांढऱ्या मुखापाशीच संपवून चालणार नाही, तो त्या चौकोनातून आरपार गेला पाहिजे. तेथे संपविला तर अग्रहक्क राहतो, पण जादा पाण्याला वाट राहत नाही. आरंभी वर्तुळात थोडे पाणी बाहेरून सोडावे लागते, ते पंपाच्या नळाला एक निराळा ब्रिज लावून सोडावे, म्हणजे वाहत्या पाण्याचा हक्क अबाधित राहील; काम झाले की तो ब्रिज काढून टाकावा. आणि टाकीत साठणारे हे पाणी स्वयंपाकघराकडे मात्र वळवू नये, कारण गाळणीने पाण्याचा मळ जातो, रोगजंतू जात नाहीत.

वर्तुळाकार नळमार्गात ब्रिजाचा आणखी एक उपयोग आहे. ज्या वर्तुळात कोठेही स्पष्ट आरंभ आणि शेवट नाही, तेथे द्रवाला दिशा कोणती ते कळत नाही आणि तो अडखळतो. एक ब्रिज घातला की त्याची पांढरी आणि हिरवी बाजू त्या सबंध वर्तुळाला दिशा मुक्रर करून देते. शीतकरणाची वर्तुळे रचणाऱ्यांनी हे विशेषेकरून लक्षात ठेवावे.

विजेच्या बाबतीत परिस्थिती निराळी आहे, आणि येथे होणारी चूक अधिक फसवी असते. साधी तार १ किलोवॉट, कंडक्टिव्ह तार २ किलोवॉट आणि जाडजूड हेवी-वॉट तार २० किलोवॉट भार सोसते. कंडक्टिव्ह हेवी-वॉट तारेची मर्यादा ५० किलोवॉट. ब्रिजालाही आपापली मर्यादा असते, आणि साध्या तारेचा ब्रिज हा साध्या तारेइतकाच, म्हणजे १ किलोवॉटचा. प्रत्यक्षात कोणत्या तुकड्यातून किती वीज गेली, हे खेळ पाहत नाही. एका मंडलातील सर्व यंत्रे मिळून जेवढी वीज ओढतात तेवढा भार त्या मंडलाच्या प्रत्येक तुकड्यावर आहे असे तो धरून चालतो. परिणामी, ज्या फांदीच्या टोकाला केवळ एक दिवा आहे त्या फांदीवरील साधा ब्रिजसुद्धा, मंडलाच्या दुसऱ्या टोकाला मोठे यंत्र चालू झाले की ओव्हरलोड ठरतो. थर्मो अॅक्वाट्यूनर हे एकच यंत्र १२०० वॉट ओढते. खेळाडू ते बसवितो, साधी तार जळू लागते, तेव्हा तो शहाणपणाने सगळीकडे कंडक्टिव्ह तार ओढतो. जुन्या तारांच्या जागी नव्या तारा बसतात, पण तार ओढल्याने ब्रिज बदलत नाही. तो साधाच राहतो. मग १२०० वॉटला पुन्हा हानी होते, आणि खेळाडू २ किलोवॉटची तार १२०० वॉटला का जळावी म्हणून चक्रावून जातो. म्हणून तार बदलली की त्या मंडलातील प्रत्येक ब्रिज स्वतंत्रपणे तपासावा आणि तोही कंडक्टिव्ह करून घ्यावा, ही ताकीद मी प्रत्येक नव्या खेळाडूला देईन.

या यंत्रणेत एक गोष्ट आपल्या उपयोगाचीही आहे. ओव्हरलोड ६ सेकंद टिकला की खेळ त्या मंडलातील सर्वांत दुबळ्या प्रतीचा एक तुकडा हानीसाठी निवडतो, आणि त्या प्रतीचे ब्रिज असतील तर तारेच्या आधी ब्रिजाचीच निवड होते. यावरून अशी युक्ती निघते की, साध्या तारेच्या प्रत्येक मंडलात एक साधा ब्रिज मुद्दाम जिन्यालगत, रहिवाशांना सहज पोचता येईल अशा जागी घालावा. कधी भार चढलाच, तर भिंतीआडची किंवा उकळत्या कोठीतील तार जळण्याऐवजी हा ब्रिज जळतो, आणि दुरुस्ती चालता चालता होते. अर्थात भार चढूच नये ही तरतूद याहून बरी. छोटा ट्रान्सफॉर्मर १ किलोवॉटच देतो, तेव्हा त्याच्या पुढे साधी तार असल्यास ती जळण्याचे कारण उरत नाही. मोठा ट्रान्सफॉर्मर ४ किलोवॉट देतो, म्हणून त्याच्या पुढची २ किलोवॉटची तार असुरक्षितच राहते. कंडक्टिव्ह मंडलाला दोन छोटे ट्रान्सफॉर्मर जोडून देणे हा मला त्यातल्या त्यात निर्धास्त मार्ग वाटतो. हेवी-वॉट तार भिंतीतून जात नाही, तिला जॉइंट प्लेट लागते, आणि ती दिसायला इतकी कुरूप की शेजारून जाणाऱ्या रहिवाशांच्या मनःस्वास्थ्यावर परिणाम होतो. म्हणून ती राहत्या मजल्यांत आणूच नये, आणि तिला बारीक तार छेदत असेल तर बारीक तारेनेच ब्रिजावरून जावे.

उष्णतेविषयी थोडक्यात. उष्णतारोधक नळ आहे, पण उष्णतारोधक ब्रिज नाही. ब्रिजातून द्रव क्षणात पलीकडे जातो, त्याला ब्रिजाची ऊब लागत नाही. परंतु ब्रिज ही स्वतः एक वस्तू असून ती आपल्या तिन्ही चौकोनांशी उष्णतेची देवघेव करते. उष्णतारोधक भिंतीवर ब्रिज आडवा टाकला की एक टोक तप्त कोठीत आणि दुसरे थंड दालनात राहते, आणि भिंत बांधण्याचा हेतूच हळूहळू निष्फळ होतो. द्रवाच्या आणि वायूच्या नळांना भिंतीतून जाण्यास ब्रिज लागतच नाही. उष्णतारोधक नळ भिंतीतूनच सरळ न्यावा, आणि छेद घडवायचा तो कोणत्या तरी एका बाजूच्या दालनात, भिंतीपासून दूर घडवावा.

वायूच्या नळांना द्रवाचेच सर्व नियम लागू आहेत. फरक एवढाच की द्रवाचा नळ सेकंदाला १० किलो वाहतो आणि वायूचा १ किलो, म्हणजे वायूचे नळ लवकर तुंबतात. रूळांचेही तसेच. ऑटोमेशनच्या तारांना वाहून नेण्यासारखे काही नसल्याने तेथे केवळ चुकून सांधा होऊ न देणे एवढीच खबरदारी पुरते.

येथवर आहे त्या यंत्रणेत कसे वागावे ते सांगितले. परंतु वाचकांपैकी काही जण स्वतः असे खेळ रचीत असतील किंवा खेळांना मॉड लिहीत असतील, आणि त्यांच्यासाठी या यंत्रणेत काय सुधारावे हाही प्रश्न आहे. निरनिराळ्या खेळांनी निरनिराळी धोरणे पत्करली आहेत. रिमवर्ल्डमध्ये शेजारचे वीजवाहक आपोआप जोडले जातात, त्यामुळे छेद सोपा, पण दोन स्वतंत्र मंडले शेजारून नेणे अशक्य. फॅक्टोरिओमध्ये शेजारचे नळ आपोआप जोडले जातात, आणि ते वेगळे राखण्यासाठी जमिनीखालून जाणारे नळ वापरावे लागतात. प्रत्येक चौकोनात एकाऐवजी दोन नोंदी ठेवल्या, एक उभ्या मार्गाची आणि एक आडव्या मार्गाची, तर ब्रिजाविना छेद देणे रचनाकाराला अवघड नाही. तरीही तसे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. छेद फुकट झाला की आराखड्याला अर्थ उरत नाही, आणि वर वर्णन केलेल्या अग्रहक्काचे साधनही हातचे जाते. ब्रिज राहावा, बदलावे ते त्याचे अदृश्यपण.

खेळाडू नळ ओढीत असताना तो सजातीय नळावर आला की त्याच क्षणी, बांधकामापूर्वी, त्या चौकोनाने आपला अर्थ जाहीर करावा. ओढणे त्या नळावरच थांबले तर खेळाडूच्या मनात सांधा आहे असे धरावे. ओढणे सरळ पलीकडे गेले तर छेद आहे असे धरून ब्रिज सुचवावा, आणि ब्रिजाची दिशा ओढण्याच्या दिशेवरून घ्यावी. पलीकडे मुखाला जागा नसेल तर सुचविणे थांबवून ती अडचण तेथेच दाखवावी. विजेच्या मंडलावर बोट ठेवले असता त्यातील सर्वांत दुबळा तुकडा कोणता आणि कोठे आहे ते उजळून दिसावे, म्हणजे विसरलेल्या साध्या ब्रिजाचा शोध घेत फिरावे लागणार नाही. पांढरे आणि हिरवे मुख केवळ रंगाने वेगळे न राखता त्यांना निराळे आकारही द्यावे, कारण सर्वांच्या डोळ्यांना सारखे रंग दिसत नाहीत. ज्या मुखाचा हक्क पहिला त्यावर तशी खूण असावी, आणि ती खूण आराखड्याच्या अवस्थेतही दिसावी. ब्रिज पाडला असता त्याच्या दोन टोकांचे नळ आपण होऊन मधल्या नळाशी जुळता कामा नयेत. ती टोके तुटलेलीच राहावी, आणि पुढे काय करायचे ते खेळाडूने ठरवावे.